चिंगी आणि चाळीस सेकंद

(भाग ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर. बोलण्यातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आजचा भाग कोडिंगवर नाही, आमच्या चिंगीवर आहे. चिंगी म्हणजे आमची कुत्री. गावठी, तांबूस रंगाची, एक कान कायम पडलेला.

मी प्रतापगडचा. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. साताऱ्याचा नाही हां, आमचा वेगळा. डोंगरावर किल्ला, महादेवाचं मंदिर आणि दर्गा, महाशिवरात्रीला मोठी यात्रा. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली आणि २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे लॅपटॉप घेऊन घरी परतलो. त्याच पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर हे पिल्लू सापडलं. घरात मी, आई, बाबा, आजी. चोवीस तास कोणी ना कोणी असायचंच. चिंगी माझ्या खुर्चीखाली झोपायची, मीटिंगमध्ये घोरायची.

अडचण इथेच होती, पण तेव्हा कळलं नाही. एकटं राहणं ही कुत्र्याला शिकवावी लागणारी गोष्ट आहे. आम्ही अडीच वर्षं ती शिकवलीच नाही.

२०२२ च्या शेवटी कंपनीने पुण्याला बोलावलं. मी गेलो. काही महिन्यांत आजी आत्याकडे राहायला गेली. मग २०२३ ची रोवणी आली. आई-बाबा सकाळी बांधीत, घर बंद, चिंगी आत. पहिल्या दिवशी तिने दाराची खालची फळी कुरतडली. दुसऱ्या दिवशी धानाची दोन पोती फाडली. मग खिडकीची जाळी. एक दिवस दाराला रक्त लागलेलं होतं, तिचा सुळा तुटला होता. बाबांनी साखळीने बांधून पाहिलं, तर साखळी गुंडाळून मान सोलून घेतली. शेजारी म्हणायचे, दिवसभर रडते, झोपू देत नाही.

आई फोनवर म्हणाली, "काहून करते रे ही असं? आपण गेलो म्हणून सूड घेते का?"

शेवटी बाबा म्हणाले, "जंगलाकडे सोडून येतो." आणि आता जे सांगतोय ते मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "ठीक आहे, सोडा." माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताने मी बग क्लोज करत होतो.

बाबा तिला गाडीवर बसवून नवेगावबांधच्या बाजूच्या जंगलरस्त्याला घेऊन गेले. रात्री फोन आला. "बाबू, मागं मागं धावत होती. मी दोनदा गाडी जोरात नेली. मंग थांबलो." बस, एवढंच. चिंगी घरी परत आली होती.

पुढच्या शनिवारी मी घरी होतो. मॅनेजरकडे तीन महिने घरून काम मागून घेतलं.

सोडून देण्याबद्दल दोन गोष्टी आधी सांगतो, कारण आपल्या भागात हे सर्रास होतं. आपल्याकडे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, २०१३ पासून. जंगलाच्या कडेला सोडलेलं कुत्रं बिबट्याच्या तोंडी जातं, नाहीतर रेबीज, डिस्टेंपर असे रोग रानातल्या प्राण्यांत नेतं. आणि उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत प्राणी सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी "ठीक आहे" म्हणालो असतो का, हा प्रश्न मला अजून पडतो.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते आपल्या धंद्यातलं. बग आधी रिप्रोड्यूस करायचा. जुना फोन कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि सगळे बाहेर पडलो. नंतर पाहिलं. दार लागलं, ती दारापाशी उभी राहिली. चाळीस सेकंदांनी कण्हायला लागली. मग येरझारा, लाळ, धापा, मग दार ओरबाडणं. अर्ध्या तासाने थकून तिथेच पडली. पोत्यांकडे गेली तीसुद्धा भिंतीतून वाट शोधत. त्यात सूड कुठेच नव्हता, तो जीव घाबरला होता.

आई म्हणायची, "पण आपण आलो की मान खाली घालते, तिले कळते ना चुकलं ते." यावर २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने प्रयोग केला होता. कुत्र्याने खरंच चूक केली की नाही यापेक्षा, मालक रागावतो की नाही यावर तो 'अपराधी' चेहरा ठरतो. म्हणजे आम्ही येऊन ओरडायचो आणि तिला कळायचं एवढंच, की माणसं परत येतात तेव्हाही भीतीच असते.

मग नागपूरला पशुवैद्यांकडे नेलं. त्यांनी व्हिडिओ पाहून लगेच सांगितलं, हा विरहाचा त्रास आहे. कंटाळलेलं कुत्रं आपण घरात असतानाही चपला चावतं. घाबरलेलं कुत्रं आपण गेल्यावर दार-खिडकीवर तुटून पडतं. तुटलेल्या दातावर उपचार झाले आणि फ्लुओक्सेटिन सुरू झालं. कुत्र्यांच्या याच त्रासासाठी अमेरिकेत ते २००७ मध्ये मंजूर झालं आहे. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. कृपा करून घरातल्या माणसाच्या गोळ्या मनाने देऊ नका, डोस डॉक्टरच ठरवतील.

गोळीने भीती थोडी खाली येते, पण शिकवावं लागतंच. आमचा नियम एकच: घाबरायच्या आत परत यायचं. पहिला आठवडा फक्त हेल्मेट उचलायचं, खाली ठेवायचं. किल्ली वाजवायची, बसून राहायचं. मग दाराबाहेर पाच सेकंद. मग दहा. मग परत सात, कारण रोज वाढवलं तर तिला त्याचाही अंदाज येतो. एक्सेल शीट केली होती, आई हसायची. आणि सराव सोडून बाकी वेळ तिला एकटं ठेवायचंच नाही. हे सगळ्यात अवघड. आजीला परत बोलावलं. कधी चिंगी बाबांसोबत बांधीवर गेली, कधी शेजारच्या काकूंच्या ओसरीवर बसली. त्याच काकू, ज्यांची झोप मोडायची.

मधे दिवाळी आली आणि फटाक्यांनी सगळं मागे गेलं. चार मिनिटांवरून परत वीस सेकंद. मी चिडलो, मग वाचलं की १९२४ च्या लेनिनग्राडच्या पुरात पावलॉव्हचे कुत्रे बुडता बुडता वाचले आणि त्यांतल्या काहींचं शिकलेलं सगळं विस्कटलं, पुन्हा शिकवावं लागलं. म्हटलं, आपली चिंगी एकटी नाही. यात्रेच्या आधी मात्र आम्ही तयार होतो. आतली खोली, खिडकीला गोधडी, पंखा जोरात आणि आजी शेजारी.

आज ती दोन तास दहा मिनिटं एकटी राहते. पूर्ण दिवस नाही, कदाचित कधीच नाही राहणार. मी पुन्हा पुण्यात आहे, सराव आता बाबा घेतात. दाराला खाली पत्रा ठोकलाय. मागच्या आठवड्यात मी बाबांना विचारलं, त्या दिवशी काहून थांबलात? म्हणाले, "ती थांबत नव्हती ना."

तुमच्या घरी असं कुत्रं असेल, तर उद्या एकच करा. फोन ठेवून बाहेर पडा आणि कितव्या सेकंदाला ते घाबरतं ते बघा. सुरुवात तिथूनच करायची आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.