मुळाशी काय आहे?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी मला ‘आयटीतला प्रवास’ यावर बोलायला सांगितलं होतं. पण तो प्रवास म्हणजे पुण्याच्या एका खुर्चीवर बसून काढलेली बावीस वर्षं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. त्याऐवजी मी केसांबद्दल आणि नखांबद्दल बोलणार आहे. आणि सुरुवातीलाच एक कबुलीही द्यायची आहे.

जानेवारी २०२५ आठवा. आपल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं देशभरच्या टीव्हीवर झळकली. आधी डोक्याला खाज, मग केस राठ व्हायचे, हात लावला की हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पुरुष, शाळेतली पोरं, कोणीच सुटलं नाही. बातम्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं. आपल्या ग्रुपवर कोणीतरी त्याचा विनोद टाकला. त्यावर हसण्याच्या सहा बाहुल्या टाकणारी मीच होते.

त्याच रात्री आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिचं नाव मी घेणार नाही, तिनंच बजावलंय. खामगावात तिचं पार्लर आहे आणि ती दरवर्षी दहा-बारा मुलींना हे काम शिकवते. दहावीत ती विज्ञानात नापास झाली होती, तेव्हाही आपण हसलो होतो. ती म्हणाली, “हसून झालं असंन तर एक सांग. तू शिकेल हायेस. केसाचं मूळ मेलं हाये का जित्तं हाये? माह्यासमोर एक पोरगी बसली हाये, ओढणी सोडत नाही. लग्न जमलं हाये तिचं. आन् माह्या पोरी तिले हात लावत नाहीत.”

मला उत्तर देता आलं नाही. इंजिनिअरिंगची पदवी, एवढा पगार, पण माझ्याच डोक्यावरच्या केसाबद्दल मला काही माहीत नव्हतं.

दोन रात्री मी वाचत बसले. आपल्या वर्गातल्या डॉक्टर मित्रालाही तीनदा उठवलं. जे समजलं ते थोडक्यात सांगते.

आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा. म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते त्वचेखालचं मूळ. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत भराभर वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक जण आपल्या पाळीनं चालतो. काही वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे उतार, मग तीनेक महिने विश्रांती आणि गळती. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे त्यामुळे नेहमीचंच.

मोठा ताप येऊन गेला की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. कोविडनंतर आपल्यापैकी कित्येकींनी ते अनुभवलं. पण तीन-चार दिवसांत टक्कल पडलं, तर वाढीच्या ऐन भरात असलेल्या मुळालाच काहीतरी बाधलेलं असतं. मात्र मूळ मरतंच असं नाही. कॅन्सरच्या औषधांनी गेलेले केस बहुतेकदा परत येतात, ते याच कारणानं.

मी तिला एवढंच कळवलं. तिनं त्या मुलीला तेल लावलं नाही, कुठला ‘पॅक’ विकला नाही, पैसे घेतले नाहीत. आपल्या विद्यार्थिनींसमोर तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला सरकारी तपासणीला स्वतः घेऊन गेली.

पुढचं तुम्ही वाचलंच असेल. आधी पाण्यावर संशय गेला. आपल्या खारपाणपट्ट्याचं पाणी, त्यात नायट्रेट जास्त निघालं. बुरशीचीही चर्चा झाली. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. मग विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावांत फिरले. त्यांनी १८ गावांतल्या २७९ रुग्णांची नोंद मांडली. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत सेलेनियम रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट निघालं. ते रेशनच्या गव्हातून आलं, असा त्यांचा निष्कर्ष. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे, हे जुनं ज्ञान. शरीराला ते लागतं, पण मायक्रोग्रॅममध्ये. जास्त झालं तर केस आणि नखं आधी सांगतात.

आता खरी गोष्ट. पाच-सहा आठवड्यांत त्या मुलीच्या डोक्यावर लव आली. आम्ही दोघी खूश होतो. एप्रिलमध्ये बातमी आली की त्याच भागातल्या लोकांची नखं गळताहेत. लोक पुन्हा घाबरले, नवी साथ म्हणाले. मैत्रिणीचा फोन आला, “नवीन नाही वं हे. नख महिन्याले तीन मिलिमीटर सरकते, तूच लिहिलं होतं ना? मंग नखाच्या मुळाले मार तवाच बसला असंन. दिसाले आता आलं.”

मी गप्प झाले. माझ्याच टिपणातून मला जे सुचलं नव्हतं, ते विज्ञानात नापास झालेल्या मुलीनं जोडून दाखवलं. सर, तुम्ही फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेली त्वचेची आकृती मी मार्कांसाठी पाठ केली होती. तिला ती कामाला हवी होती.

त्यानंतर आम्ही मराठीत आठ पानांची टिपणं केली. केसांच्या डायची चाचणी कानामागे करून ४८ तास का थांबायचं. नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापायची का नाही, कारण ती जंतूंना अडवणारं दार आहे. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत, तिथे मसाज करताना दाब का द्यायचा नाही. मधुमेह असलेल्या बाईच्या पायाला पेडिक्युअर करताना जपायचं का, तर तिला जखम झालेली कळतही नाही. पार्लरवाली बाई डॉक्टर नव्हे. पण गावातल्या बायांच्या त्वचेकडे, केसांकडे, नखांकडे महिन्याला नीट बघणारी बहुतेकदा तीच एक असते. तिला काय बघायचं ते कळलं, तर बाई वेळेवर डॉक्टरकडे जाईल.

म्हणून आज एक मागणं आहे. मुख्याध्यापक सर, आपली जुनी प्रयोगशाळा रविवारी दोन तास द्या. वर्गातल्या डॉक्टरांनो, वर्षातून एक-एक रविवार द्या. टिपणांची छपाई माझ्याकडे. आकृत्या मात्र आपल्या सरांनीच काढाव्यात, रंगीत खडूंनीच. शिकवायला आपली मैत्रीण उभी राहील.

आणि हो, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या बाई, तुझी त्या रात्रीची माफी राहिली होती. ती आज सगळ्यांसमोर मागते.