तपास चालू, खासगीपणही शाबूत

देवणीसारख्या तालुक्याच्या गावात पोलीस एखाद्या घराची झडती घ्यायला आले, तर बातमी बाजारभर व्हायला वेळ लागत नाही. पण संशय आला म्हणून माणसाचे खासगीपण संपत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने तो मूलभूत हक्क ठरवला.

दोनच वर्षांत मुंबई उच्च न्यायालयात या हक्काचा कस लागला. बँक अधिकाऱ्याला 10 लाखांची लाच दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने एका व्यावसायिकाचे फोन टॅप केले होते. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, या दोनच कारणांसाठी कायदा टॅपिंगला वाट देतो. इथे त्यातले एकही दिसले नाही. 22 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयाने टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले.

घरझडतीलाही नियम आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे; त्यासाठी मोबाइलही चालतो. स्थानिक पंचांसमोर जप्त वस्तूंची यादी होते, पंच सह्या करतात. महिलेची अंगझडती महिलेनेच, शालीनता राखून घ्यायची असते.

तेव्हा श्रोतेहो, झडतीला अडथळा आणू नका, पण यादीची प्रत जरूर मागून घ्या. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे 15100.