मांडवीवरची रात्र आणि थकलेला हप्ता

गेल्या बैठकीत आमचाच हप्ता थकला, ही बातमी तुमच्यातल्या बऱ्याच जणींपर्यंत पोचली असेल. गटाची समन्वयक, आणि तिचाच हप्ता नाही! म्हटलं, कानोकानी जाण्यापेक्षा आपणच सांगावं.

लग्नाला बारा वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. देवदर्शनाला निघायचं तरी सासूबाई, पोरं, शेजारच्या काकू, सगळा लवाजमा. या खेपेला पोरं आजीकडे ठेवली आणि एसटीने आंबोली, सावंतवाडी करत पणजीला गेलो. दोनच दिवस. पहिला दिवस फार सुखाचा गेला. मंगेशीचं दर्शन घेतलं, मिरामारला पाण्यात उभे राहिलो. संध्याकाळी बेतीच्या फेरीबोटीत बसलो. चालत येणाऱ्याला तिथे तिकीट पडत नाही, म्हणून जाऊन पुन्हा आलो! तिथूनच ती कॅसिनोची जहाजं दिसली. मांडवीत नांगरून उभी, नुसता लखलखाट.

"एवढं आलोय तर बघून तरी येऊ," हे म्हणाले. खोटं कशाला बोला, आम्हालाही बघायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. दोघांचे चार हजार, जेवण आणि गाणी-नाच त्यातच. दारात आधार कार्ड बघितलं. एकवीस वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसालाही आत खेळायला बंदी आहे. तिथे १९७६ च्या कायद्याने जुगार बंदच; पुढे त्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलं आणि जहाजं यांना मोकळीक दिली. म्हणजे घरच्यांना मज्जाव आणि पाहुण्यांना पायघड्या. हे आम्हाला दारातच खटकायला हवं होतं.

आत नोटा देऊन प्लास्टिकच्या चकत्या घ्यायच्या. दोन हजारांच्या वर जायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. फिरत्या चाकावर लाल रंगावर लावत गेलो आणि तासाभरात अठराशे वर आले. हे इतके खूश! मग ते गेले. मग आमचे दोन हजार गेले. "आपले अठराशे परत आले की उठू," असं म्हणत खर्चाला ठेवलेले तीन हजारही गेले. चकती हातातून जाते तेव्हा नोट गेल्यासारखं वाटतच नाही.

पर्समध्ये गिरणीच्या कर्जाचा हप्ता होता, अडीच हजार, रुमालात बांधलेला. परत आल्या आल्या बैठक होती म्हणून बरोबर घेतला होता. तो यांनी मागितला नाही, मैत्रिणींनो. त्या रुमालाची गाठ आम्ही आपल्या हाताने सोडली. गटात कुणाच्या नवऱ्याने मटक्यात पैसे घालवले की आम्ही त्या बाईलाच किती बोललोय, ते तिथे आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत आठवलं.

परतीच्या तिकिटापुरते यांच्या खिशात होते. सावंतवाडीपासून आमचं अर्धं तिकीट, तेवढाच आधार. घाटात दोघंही गप्प. मग जहाजाच्या पावतीमागे हिशोब मांडला, कारण आम्हाला दुसरं काय येतं?

त्या चाकावर शून्य ते छत्तीस, अशी ३७ घरं. समजा प्रत्येक घरावर दहा रुपये लावले, तर झाले ३७० रुपये. एक घर लागणारच. त्याचे पस्तीस पट आणि आपले दहा, म्हणजे ३६० परत. दहा रुपये कॅसिनोचे, आणि कुणी काही लबाडी न करता! लाल-काळ्यावर लावलं तरी तेच. लाल घरं अठरा, काळी अठरा आणि शून्य हिरवं. ते आलं की दोन्हीवाले बुडाले. सरासरी शंभराला २ रुपये ७० पैसे. आपला गट शंभराला दोन रुपये व्याज घेतो ते महिन्याला, आणि ते शेवटी आपल्यातच येतं. चाकाच्या एका फेरीला दोन मिनिटंही लागत नाहीत. जिंकलेलं परत लावलं की परत कात्री. हे म्हणाले, "हे जाताना का नाही मांडलं?" आता यावर काय बोलायचं!

बैठकीत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. एक मावशी तेवढ्या म्हणाल्या, "दंड किती, ते आधी लिही." पन्नास रुपये. वही सचिवताईंच्या हातात दिली, आपला दंड आपण लिहायला नको म्हणून.

बैठक सुटल्यावर एकजण मागे थांबली. तिच्या घरात मोबाइलवर रमी चालायची, त्यात बरंच गेलंय, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून काढलं. इतक्या वर्षांत का नाही बोललीस, असं विचारणार होतो. पण उत्तर आम्हाला ठाऊक होतं. पुढची गोष्ट तिची आहे, ती इथे सांगणार नाही.

येत्या बैठकीला दोन हप्ते आणि दंड मिळून पाच हजार पन्नास भरायचे आहेत. निम्मे गिरणीच्या गल्ल्यातून बाजूला काढलेत, निम्मे हे दुधाच्या बिलातून देणार आहेत. आणि पणजीला पुन्हा जायचंच आहे. बेतीच्या फेरीबोटीत बसायला.