लंबकाने तोललेला हिमालय

दोऱ्याच्या टोकाला जड गोळी बांधून ती टांगावी, किंचित बाजूला नेऊन सोडावी, की झाला साधा लंबक. त्याच्या हेलकाव्याचा काळ गोळीच्या वजनावर अवलंबून नसतो. झोका लहान असेल तोवर झोक्याच्या विस्तारावरही नसतो. तो ठरतो दोनच गोष्टींनी : दोऱ्याची लांबी आणि त्या स्थळीचे गुरुत्वाकर्षण. लांबीला गुरुत्वाने भागून भागाकाराचे वर्गमूळ काढावे व त्यास सुमारे ६.२८ ने गुणावे, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा काळ मिळतो. दोरा चौपट केला तर काळ दुप्पट होतो. एक मीटर लांबीच्या लंबकास जाऊन परत येण्यास जवळजवळ २ सेकंद लागतात.

लांबी कायम ठेवली, तर बदलण्याजोगे उरते ते केवळ गुरुत्वाकर्षण. आणि मग काळ मोजणारे हे साधन पृथ्वीची ओढ तोलणारा काटा बनते. १६७२ साली रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला. पॅरिसच्या सेकंदाशी जुळविलेला लंबक तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडतो, असे त्याला आढळले. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, या सिद्धान्तास न्यूटनला यातूनच बळ मिळाले.

हाच काटा पुढे हिमालयाला लागला. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील कॅप्टन बॅसेव्ही याने १८६५ पासून देशभर लंबकाची निरीक्षणे घेतली आणि १८७१ मध्ये तो लडाखातील मोरे पठारावर, १५,००० फुटांहून अधिक उंचीवर पोहोचला. इतक्या उंचीवर लंबकाचे घड्याळ केवळ उंचीमुळे दिवसाला सुमारे एक मिनिट मागे पडावे. परंतु पायाखालच्या पर्वताच्या ओढीने त्यातील वीसेक सेकंद भरून निघावेत, असे गणित सांगते. लंबकाने मात्र ही भरपाई दाखविली नाही. जणू खाली पर्वत नव्हताच!

याचा अर्थ असा की, पर्वताच्या तळाशी खोलवर हलके द्रव्य आहे. बर्फाचा डोंगर पाण्यावर तरंगावा, तसा हिमालय अधिक घन थरावर तरंगत आहे. प्रॅट व एअरी यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या विचारांना हा भक्कम आधार होता. विसाव्या शतकात अधिक सूक्ष्म उपकरणांनी बॅसेव्हीचे आकडे सुधारले. मुख्य निष्कर्ष मात्र टिकला.

तो मान्य झालेला पाहणे बॅसेव्हीच्या नशिबी नव्हते. त्याच मोहिमेत, १७ जुलै १८७१ रोजी, लडाखच्या उंच, थंड प्रदेशात त्याचा अंत झाला. दिवसातील वीस सेकंदांच्या हिशेबासाठी एका माणसाने आपले आयुष्य वेचले, आणि त्या हिशेबातून पर्वतांची मुळे उमगली.