रब्बी म्हणजे गुरु

शिष्य प्रभु येशूस ‘रब्बी’ म्हणत, असें शुभवर्तमान सांगतें. रब्बी म्हणजे ‘माझे गुरु’. तो याजक नव्हे. धर्मशास्त्र शिकविणारा व निवाडा देणारा पंडित होय. इ. स. ७० मध्यें यरुशलेमेचें मंदिर पडून यज्ञ थांबले, तेव्हां अशा गुरूंनींच यहुदी धर्म तारिला.

आमच्या कोंकणांतील बेने इस्राएलांस मात्र पिढ्यान्‌पिढ्या रब्बी लाभला नाहीं. मुंबईंत दिवेकरांनीं सभास्थान बांधिलें तें १७९६ सालीं. तत्पूर्वींही घरोघरीं ‘शेमा’ची प्रार्थना चाले, शनिवारीं तेलाचा घाणा बंद राही, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत.

गोंदियाच्या दूरच्या खेड्यांत धर्मगुरु क्वचितच पोंचतात, ही खंत आम्ही ऐकतों. ती खरी; पण गुरु येईपर्यंत घरचा पाठ मोडूं नये, हें त्या तेल्यांनीं आम्हांस शिकविलें.