गैरहजर मतदाराचे मत
(पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



लोकांनी स्वतः एकत्र बसून निर्णय घ्यावा, की निवडून दिलेल्या प्रतिनिधींवर तो सोपवावा, हा वाद अथेन्स नगराच्या काळापासूनचा आहे. आपल्या गावात मात्र दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. ग्रामपंचायत प्रतिनिधींची; ग्रामसभा प्रत्येक मतदाराची. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस संविधानात स्थान मिळाले.

प्रत्यक्ष लोकशाही आली म्हणजे न्याय आलाच, असे कोणी समजू नये. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली स्त्रियांचा मताधिकार सार्वमतास टाकण्यात आला. मत देणारे सारे पुरुष. त्यांनी तो फेटाळला. तो मान्य होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. भारतीय स्त्रीला मात्र हा हक्क प्रतिनिधींच्या सभेने घडविलेल्या संविधानाने प्रारंभीच दिला.

आता घरचे उदाहरण घेऊ. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावात मतदान होते, ते आपण सर्व जाणता. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. येथे झालेल्या मतदानातील बहुमत पुरत नाही. एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीस मत दिले पाहिजे. म्हणजे जी बाई मजुरीला गेली आणि केंद्रावर आली नाही, तिचे मत जणू उभ्या बाटलीच्याच पारड्यात पडते!

ग्रामसभेत याच्या अगदी उलट घडते. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच नाही. तेथे गैरहजेरी ही मूकसंमती ठरते.

मी स्वतः अशी एक तहकूब सभा पाहिली आहे. जेमतेम बाराजण होते. पाण्याच्या टाकीची जागा पाच मिनिटांत ठरली. दुसऱ्या दिवशी दूरच्या वस्तीवरील स्त्रिया विचारावयास आल्या, तेव्हा त्यांना कार्यवृत्त वाचून दाखविण्यात आले. नियमाप्रमाणे सारे बिनचूक होते. सभेची दवंडी मात्र त्या वस्तीपर्यंत पोचलीच नव्हती.

आपणांपैकी शिक्षक येथे आहेत, म्हणून सांगतो. सभेची तारीख आणि विषय आदल्या आठवड्यात शाळेच्या फळ्यावर लिहा. मुले ती घरी नेतील. आणि सरपंचांनी वेळ ठरविताना शेतावरून माणसे परतण्याची वेळ पाहावी. कचेरीच्या सोयीची नव्हे.