मावळतीचं व्हेनिस

आज एका चित्राविषयी बोलतो. क्लोद मोनेचं हे चित्र साधारण तीन फूट रुंद आहे. सूर्य बुडतोय. डावीकडे पाण्यातून वर आल्यासारखं सान जोर्जो माज्जोरेचं चर्च, त्याचा उंच मनोरा. सगळं निळं-जांभळं, कडा विरघळलेल्या. पल्लादिओसारख्या वास्तुकारानं सोळाव्या शतकात रेखलेली इमारत, पण तिचा एक खांबही नीट दिसत नाही! मागं आकाश पेटलेलं, आणि तेच केशरी-पिवळे रंग पाण्यात आडव्या, तुटक फटकाऱ्यांनी उतरलेले. सावली म्हणजे काळा रंग नव्हे, हे इम्प्रेशनिस्टांचं मूळ सूत्र. निळ्याशेजारी केशरी आलं, की दोन्ही एकमेकांना चेतवतात.

मोने व्हेनिसला गेला तो १९०८च्या ऑक्टोबरमध्ये. वय सदुसष्ट. सोबत पत्नी अलीस. दिवसभर ठरल्या वेळी ठरलेलं दृश्य रंगवायचं, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आणि संध्याकाळी दोघांनी गोंडोलातून फिरायला जायचं. अलीसनं मुलीला लिहिलेल्या पत्रांतून हा दिनक्रम कळतो.

पण मावळतीचा असा उजेड टिकतो किती? काही मिनिटं. डिसेंबरात मोने घरी, जिव्हर्नीला परतला तो बरीचशी अपुरी चित्रं घेऊन. मे १९११मध्ये अलीस गेली. काही काळ त्यानं कुंचला हाती धरला नाही. मग व्हेनिसचे कॅनव्हास पुन्हा बाहेर काढले आणि स्टुडिओत बसून पुरे केले. १९१२मध्ये त्यातली २९ चित्रं पॅरिसमध्ये मांडली गेली. अनेकांवर साल मात्र १९०८चंच!

इम्प्रेशनिझम म्हणजे दिसलं ते तिथल्या तिथं झरझर उतरवणं, असं आपण ऐकत आलोय. या चित्रांना ते लागू पडत नाही. १९१२मध्येच मोनेला मोतीबिंदूचं निदान झालं, म्हणून या रंगांचं श्रेय काहीजण मोतीबिंदूला देतात. मला ते पटत नाही. याच मालिकेतली दिवसाउजेडीची चित्रं कशी थंड, निळी-गुलाबी आहेत! हा केशरी रंग त्यानं आठवून लावला असावा. आणि त्या संध्याकाळी गोंडोलात शेजारी कोण होतं, हे तो विसरला असेल, असं वाटत नाही.

१९१२मध्येच वेल्सच्या ग्वेन्डोलिन डेव्हिस यांनी हे चित्र विकत घेतलं. ‘द थॉमस क्राउन अफेअर’ या १९९९च्या चित्रपटात ते न्यूयॉर्कच्या म्युझियममधून चोरीला जातं. खरं चित्र डेव्हिसबाईंच्या मृत्युपत्रानुसार कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मिळालं.